‘ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे’ की ‘युक्तिवाद’?

लातूरच्या एका वाचकाची शंका आहे. तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे स्पष्ट करा’ असे छापले होते, पाठ्यपुस्तकात ‘पुरावे’ आहे आणि वर्गातल्या टिपणांत ‘सिद्धता’. यांतला नेमका शब्द कोणता? आणि ‘सत्तामूलक युक्तिवादा’तली सत्ता कोणाची?

मथळ्यात ‘युक्तिवाद’ लिहा. बाकीचे तिन्ही शब्द मराठीच आहेत, पण त्यांची कामे वेगळी आहेत.

‘प्रमाण’ म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काला वाहिलेल्या भारतीय दर्शनात, अशी साधने ४ : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांपैकी अनुमान वापरून दुसऱ्याला पटवण्यासाठी जी मांडणी करायची, ती परार्थानुमान. तिचे ५ अवयव असतात. ईश्वराबद्दलची मांडणी अशी : पृथ्वी, अंकुर वगैरे कर्त्याने केलेले आहेत (प्रतिज्ञा), कारण ते कार्य आहे (हेतू), जे जे कार्य ते ते कर्त्याने केलेले असते, जसा घट (उदाहरण), पृथ्वीही तशीच कार्य आहे (उपनय), म्हणून तिलाही कर्ता आहे (निगमन). जालना जिल्ह्यातल्या जांबेच्या समर्थांनी दासबोधात कुल्लाळ आणि त्याची पात्रे आणली आहेत, त्यामुळे हा कुंभार आपल्याकडे शास्त्र न शिकलेल्यालाही ओळखीचा.

ही मांडणी फसू शकते, आणि शब्दनिवडीची गोम इथेच आहे. ‘फसलेला युक्तिवाद’, ‘लंगडा युक्तिवाद’ असे बिनदिक्कत म्हणता येते. ‘फसलेले प्रमाण’ म्हणता येत नाही. फसले की ते प्रमाण उरतच नाही, अप्रमाण होते. प्रश्नपत्रिकेने ‘प्रमाणे’ म्हटले की निकाल आधीच लागला, मग खाली ‘टीकात्मक परीक्षण करा’ कशाला विचारायचे? वाचतानाही हा शब्द अडखळवतो. ‘-प्रमाणे’ हे शब्दयोगी अव्यय डोळ्यांत इतके बसलेले असते की ‘अस्तित्वाची प्रमाणे’ घाईत ‘अस्तित्वाप्रमाणे’ वाचले जाते.

फसते कुठे, तेही पाहू. कारण पारिभाषिक शब्दांचा सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. पहिला हल्ला हेतूवर : पृथ्वी कार्य आहे हे कोणी मान्य केले? जग कधी निर्माणच झाले नाही असे मीमांसक (वेदार्थाचा विचार करणाऱ्या मीमांसा दर्शनाचे अनुयायी) म्हणतात, म्हणजे त्यांच्या लेखी हेतू ‘असिद्ध’. नैयायिकाचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याचे, उत्तर : पृथ्वी सावयव आहे, आणि जे अवयवांचे बनते ते कार्यच असते. दुसरा हल्ला जास्त बोचरा. कुंभाराला शरीर असते. जिथे जिथे कर्ता दिसतो तिथे तिथे शरीर दिसते. पण प्रत्येक कार्य शरीराने घडवलेले दिसत नाही, रानात आपोआप उगवलेला अंकुर पाहा. साध्याला (जे दाखवायचे त्याला, इथे ‘कर्त्याने केलेले असणे’) व्यापणाऱ्या पण हेतूला न व्यापणाऱ्या अशा धर्माला, म्हणजे गुणविशेषाला, ‘उपाधी’ म्हणतात. (पदवी या अर्थाची उपाधी इथे विसरा. उत्तरपत्रिकांत तसा अर्थ लावलेला आढळतो.) उपाधी दाखवली की व्याप्ती, म्हणजे ‘जे जे कार्य ते ते कर्त्याने केलेले’ हा नियम, तुटते. यावरचा बचाव असा, की शरीर ही अट फालतू आहे. कार्य व्हायला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न एवढे पुरतात, आणि ते देहावाचून असू शकतात. पटो न पटो, वाद कुठे अडला आहे ते या शब्दांनी बोटाने दाखवता येते.

‘सिद्धता’ हा शब्द दहावीच्या भूमितीने घरोघरी नेला : पक्ष, साध्य, सिद्धता. भूमितीत सिद्धता म्हणजे शंकेला जागा नाही असा शेवट. म्हणून ‘अमक्याने दिलेली सिद्धता’ लिहिताना लेखकाने तो शेवट मान्य केल्यासारखे होते. एक सापळा आणखी. भूमितीतला ‘पक्ष’ म्हणजे दिलेली माहिती. न्यायातला ‘पक्ष’ म्हणजे ज्याच्या ठिकाणी साध्य दाखवायचे ती वस्तू. वरच्या मांडणीत पृथ्वी. दहावीचा अर्थ घेऊन न्यायाचे पुस्तक उघडले तर पहिल्याच पानावर गाडी रुतते. ‘साध्य’ मात्र दोन्हीकडे बऱ्यापैकी जुळते. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हेतूंची यादी देऊन शेवटी ‘साध्यो विश्वविदव्ययः’ (सर्वज्ञ, अविनाशी ईश्वर हे साध्य) म्हटले, ते याच अर्थाने.

‘पुरावा’ काय असतो ते मराठवाड्यात कोणाला समजावण्याची गरज नाही. निजामकाळातल्या नोंदी शोधत फिरणाऱ्यांच्या तोंडी तो रोज आहे. पुरावा हाती धरता येतो, दाखल करता येतो. त्यावरून काय निघते ते सांगणे हा युक्तिवाद. विल्यम पेली या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये घड्याळावरून घड्याळजी आणि डोळ्याच्या रचनेवरून रचनाकार असा मुद्दा मांडला. त्यात डोळ्याची रचना हा पुरावा, बाकीचा युक्तिवाद. ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲन्सेल्मच्या सत्तामूलक मांडणीत (ती पुढे येते) तर पुरावा मुळीच नाही, सगळा व्यवहार संकल्पनेतच उरकतो. तिला ‘पुरावा’ म्हणणे सरळ चूक.

जुन्या हैदराबाद संस्थानातल्या कचेऱ्यांची उर्दू इथे कामी येते. ‘दलील’ म्हणजे जवळपास आपला युक्तिवाद. ‘बुरहान’ म्हणजे निर्णायक, खोडता न येणारी सिद्धता. इब्न सीना या मुस्लिम तत्त्वज्ञाने ‘ज्याचे असणे दुसऱ्यावर अवलंबून नाही असे काहीतरी असलेच पाहिजे’ हा विचार मांडला, त्याला त्या परंपरेत बुरहान म्हणतात. खुलताबादेत ज्यांचा दर्गा आहे त्या बुरहानुद्दीन गरीब यांच्या नावातला बुरहान तोच. दलील आणि बुरहान यांतले अंतर मराठीत ‘युक्तिवाद’ आणि ‘सिद्धता’ यांनी नेमके राखता येते. हाताशी असलेली सोय कशाला मोडायची?

आता सत्ता. ‘सत्’ला ‘ता’ लागून झालेली सत्ता म्हणजे असणे, असतेपण. वेदान्तातल्या पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या तीन सत्ता याच अर्थाच्या. पण आजच्या वाचकाला सत्ता म्हटले की जिल्हा परिषद आठवते, त्यात त्याचा दोष नाही. ‘सत्तामूलक’ पहिल्यांदा येईल तिथे ‘ईश्वराच्या संकल्पनेवरूनच त्याचे अस्तित्व काढणारा’ एवढी फोड द्या, पुढे खुशाल सत्तामूलक लिहा. अकराव्या शतकातल्या ॲन्सेल्मचे म्हणणे असे : ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो ईश्वर, तो नुसता मनातच असेल तर त्याहून थोर, म्हणजे प्रत्यक्ष असणारा, कल्पिता येईल, ही विसंगती झाली, म्हणून तो आहेच. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये यावर बोट ठेवले : असणे हे वस्तूच्या गुणांत भर घालणारे विधेय नव्हे. मनातल्या शंभर नाण्यांत आणि खिशातल्या शंभर नाण्यांत संकल्पना म्हणून एका नाण्याचाही फरक नाही. ही टीका लिहिताना ‘सत्ता हे विधेय नाही’ असे लिहू नका, ‘अस्तित्व हे विधेय नाही’ असेच लिहा.

लेखनाबाबत : ‘युक्तिवाद’मधला ‘क्ति’ ऱ्हस्व. ‘युक्ती’ एकटी असेल तेव्हा दीर्घ, समासात ऱ्हस्व. युक्तिवाद मांडतात, करतात किंवा खोडतात; ‘देतात’ हे क्रियापद त्याला शोभत नाही.

क्रियापदाची आणखी एक चूक मात्र अर्थच फिरवते. कांटच्या टीकेनंतर ‘ईश्वराचे खंडन झाले’ असे लिहिलेले दिसते. खंडन युक्तिवादाचे होते. सांख्यसूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’ असे सूत्र आहे, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. त्यावर या सूत्रांचे भाष्यकार विज्ञानभिक्षूंनी दाखवून दिले, की ईश्वर नाहीच असे म्हणायचे असते तर सूत्रात ‘ईश्वराभावात्’ (ईश्वर नसल्यामुळे) आले असते. ‘असिद्धी’ आणि ‘अभाव’ हे दोन स्वतंत्र दावे आहेत. तेव्हा ‘कांटच्या मते सत्तामूलक युक्तिवादाने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होत नाही’ हे वाक्य बरोबर. ‘कांटने ईश्वर नसल्याचे सिद्ध केले’ याला गुण देऊ नयेत.