कंपनी टीम बिल्डिंगसाठी पर्सनॅलिटी टेस्ट घेणार आहे. निकाल सगळ्यांसमोर दाखवणं योग्य आहे का? कोणती टेस्ट चांगली?

दाखवू नका. शिबिरात नको, नोटीस बोर्डावर नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. "गंमत म्हणून घेतोय" असं सगळेच सांगतात. पुढे काय होतं ते साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात बघायला मिळालं.

पाचगणीला दोन दिवसांचं शिबिर होतं. चार रंगांची डिस्क (DISC) टेस्ट, म्हणजे माणसाचा स्वभाव चार गटांत टाकणारी टेस्ट झाली आणि लगेच प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत बिल्ला आला. क्वालिटीतला एक इन्स्पेक्टर 'हिरवा' निघाला, म्हणजे शांत, जुळवून घेणारा, वाद टाळणारा. बिल्ला संध्याकाळी निघाला, रंग मात्र चिकटला. तीन महिन्यांनी कस्टमर ऑडिटला, म्हणजे ग्राहक कंपनीच्या तपासणीला, कोण बसणार हा विषय आला तेव्हा प्लांट मॅनेजर म्हणाले, "तो हिरवा आहे, ऑडिटरपुढे टिकायचा नाही." एक बोलका माणूस बसवला. ऑडिटरने टेबलावरचा प्लग गेज, म्हणजे छिद्राचं माप तपासायचं साधन, उचलला. कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजचं माप अचूक आहे का हे तपासायची, तारीख उलटून गेली होती. बदली गेज कुठे आहे, हे बोलक्या माणसाला सांगता आलं नाही. एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमभंगाची नोंद) लागली. गेजचं रजिस्टर सहा वर्षं त्या 'हिरव्या'च्याच हातात होतं. बोअर (भागातलं छिद्र) वीस मायक्रॉन जास्त गेला म्हणून २०० नगांच्या ट्रॉलीला लाल टॅग लावणारा आणि प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे राहिले तरी तो न काढणारा माणूसही हाच.

चूक कुठे झाली? अशा बऱ्याच टेस्टमध्ये चार शब्दांतून 'सर्वांत जास्त लागू' आणि 'सर्वांत कमी लागू' निवडायचं असतं. त्यात माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. हिरवा आला याचा अर्थ त्याच्या बाकीच्या गुणांपेक्षा शांतपणा वर आला, एवढाच. शेजाऱ्यापेक्षा तो कमी ठाम आहे, हे त्यातून निघतच नाही. दोन माणसांत निवड करायला हा आकडा वापरताच येत नाही. एमबीटीआय ही चार अक्षरांत स्वभावाचा प्रकार सांगणारी टेस्ट, तिचं दुखणं वेगळं आहे. तिथे मधोमध रेघ मारून माणसं दोन बाजूंना टाकतात. रेघेजवळच्या माणसाची दोन उत्तरं बदलली की अक्षर बदलतं. भरतीसाठी ती वापरू नका, असं ती काढणारेच सांगतात.

"पण रिपोर्ट अगदी तंतोतंत जुळला" हा पुरावा धरू नका. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना एकच मजकूर 'तुमचा निकाल' म्हणून दिला. पाचपैकी सरासरी सुमारे ४.३ गुण देऊन त्यांनी तो आपल्याला लागू ठरवला.

टेस्ट घ्यायचीच असेल तर बिग फाइव्हची, म्हणजे स्वभावाचे पाच मुख्य गुण मोजणारी, घ्या. आयपीआयपी या विधानांच्या संग्रहातली विधानं फुकट आणि खुली आहेत, २० विधानांची छोटी आवृत्तीही आहे. पण शब्दशः मराठी करू नका. 'मी पार्टीचा प्राण असतो' हे वाचून फोर्जिंगवरचा ऑपरेटर काय खूण करणार? एकाने मराठी करावं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजी करावं, फरक दिसेल तिथे विधान बदलावं, मग आठ-दहा जणांवर चाचपून बघावं. उलट्या विधानांचे, म्हणजे 'सहमत' म्हटलं की तो गुण कमी ठरतो अशांचे, गुण (पाचची पट्टी असेल तर) सहातून वजा करायला विसरू नका, बरेच घोटाळे तिथेच होतात. नाईट शिफ्ट सुटताना घेऊ नका. सुपरवायझर मागे उभा असला की सगळे 'पूर्ण सहमत'वर खूण करून मोकळे होतात.

नकार देणारा ओळखू येता कामा नये. पाकीट सगळ्यांना द्या, कोरा कागद घालून बंद केलं तरी चालेल. पाकिटावर नाव नको, ज्याने त्याने ठरवलेली खूण असू दे. निकाल खुणेवरून ज्याचा त्यालाच. गटाला फक्त सरासरी सांगा, तीही दहापेक्षा कमी माणसं असतील तर नको, कोण कुठला ते लगेच कळतं. अप्रेझलच्या फाइलला कागद लागू देऊ नका आणि महिन्याभरात फाडून टाका.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली असावी लागते आणि ती मागे घेणंही तितकंच सोपं असावं लागतं. नोकरीच्या कारणासाठी थोडी सूट आहे, पण शिबिरातली टेस्ट त्यात ओढूनताणून बसवू नये, असं माझं मत.

टेस्टच निरुपयोगी आहे, असं नाही. स्वतःबद्दल दोन गोष्टी कळायला ती बरी. पण ऑडिटला कोण बसणार हे तिच्यावरून ठरवायचं नाही, हे मी त्या मॅनेजरना तेव्हाही सांगितलं होतं. मॉक ऑडिट घ्या. अर्धा तास, दहा प्रश्न, गेज टेबलावर. रजिस्टर न उघडता बदली गेजचा नंबर कोण सांगतो, ते बघा.