कचरा काढला की जागा होते, वेग नाही

तुमचा प्रश्न मला असा समजला: सहा वर्षांचा लॅपटॉप, सुरू होऊन हाताशी यायला पाच मिनिटं. एक फुकटचं क्लीनर टाकलंत, त्याने लाल अक्षरांत अठराशे 'समस्या' आणि १२ जीबी 'जंक' दाखवलं. 'फिक्स' दाबलं की पैसे मागतं. भरावेत का?

नका भरू. पण लॅपटॉप संथ आहे हे खरंच आहे, त्यामुळे एवढं सांगून सुटका नाही.

आधी तो लाल आकडा. एक कुकी (वेबसाइटने ठेवलेली छोटी फाइल) म्हणजे एक समस्या, रजिस्ट्रीतली (विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतात त्या वहीतली) एक जुनी नोंद म्हणजे एक समस्या, कुठल्या तरी फोल्डरात पडलेली शून्य केबीची लॉग फाइल म्हणजे अजून एक. असं मोजलं तर नुकतंच विंडोज टाकलेल्या मशीनवरही भरपूर सापडतं. आकडा मोठा दिसावा म्हणूनच ही मोजणी तशी ठेवलेली असते. काही वेळा तर तपासणीसुद्धा नावालाच असते. अमेरिकेत ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या दोन कंपन्यांनी २०१९ साली तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करून एकूण साडेतीन कोटी डॉलर भरले. आयोगाचा आरोप असा होता की त्यांच्या 'हेल्थ चेक'मध्ये सुरुवातीच्या चार प्रश्नांपैकी एकावर जरी ग्राहकाने 'हो' अशी खूण केली (उदाहरणार्थ, कॉम्प्युटर स्लो झालाय का), तरी मालवेअरची (घातक प्रोग्रामची) लक्षणं सापडली असा निकाल यायचा. स्कॅनमध्ये काय निघालं याचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

आता मुख्य गोष्ट. डिस्कवर नुसती पडून असलेली फाइल प्रोसेसर खात नाही आणि मेमरीही खात नाही. माळ्यावर अडगळ आहे म्हणून खाली चालताना ठेच लागत नाही. अपवाद एकच: सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असेल तर. विंडोजला पेजफाइलला (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा), अपडेटला, तात्पुरत्या फायलींना मोकळी जागा लागते. एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) असेल तर तिला लिहायला रिकामे ब्लॉक लागतात, ते नसले की लिहिण्याचा वेग पडतो. मी स्वतः पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवतो. तुमच्याकडे निम्मा ड्राइव्ह रिकामा असेल तर त्यातले आणखी १२ जीबी काढून वेगात काडीचा फरक पडणार नाही.

गंमत म्हणजे क्लीनर ज्याला कचरा म्हणतं त्यातला बराचसा माल वेगासाठीच साठवलेला असतो. ब्राउझरची कॅश (आधी पाहिलेल्या पानांचा साठा) उडवलीत की तीच पानं परत सगळी डाउनलोड होणार. थंबनेल (फोटोंची छोटी चित्रं) उडवलीत की फोटोंचं फोल्डर उघडताना ती पुन्हा बनणार. प्रीफेच हे फोल्डर तर २००१ च्या विंडोज एक्सपीपासून याच कामासाठी आहे: कुठला प्रोग्राम सुरू होताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं विंडोज तिथे ठेवतं, आणि जुनी झाली की आपली आपण काढतं. ते रिकामं करा असा सल्ला अजूनही फिरत असतो, आणि केल्यावर पहिल्यांदा प्रोग्राम उलट हळू उघडतात.

रजिस्ट्री क्लीनरवर माझा वैयक्तिक राग आहे. एक्सपीच्या काळात मी एक चालवलं होतं, सगळ्या खुणा तशाच ठेवून, बॅकअप न घेता. दुसऱ्या दिवसापासून कुठलंही डॉक्युमेंट उघडलं की आधी 'थांबा, कॉन्फिगर होत आहे' अशी खिडकी यायची, हिरवी पट्टी अर्ध्यावर जायची आणि मूळ सीडी मागायची. क्लीनरला 'निरुपयोगी' वाटलेली नोंद त्या प्रोग्रामला आपण नीट इन्स्टॉल झालोय की नाही हे तपासायला लागत होती. सीडी हरवलेली. शेवटी विंडोज नव्याने टाकलं. आणि मिळवायचं काय होतं? रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात, त्यातल्या हजारभर काढून काही हलत नाही. मायक्रोसॉफ्टने एके काळी स्वतःचं रेगक्लीन नावाचं साधन दिलं होतं, तेही मागे घेतलं. आता अशा क्लीनरना आमचा पाठिंबा नाही, असंच ते सांगतात.

'रॅम बूस्टर' त्याच माळेचा मणी. तो चालू प्रोग्रामना मेमरीतून बाहेर ढकलतो, आकडा छान दिसतो, आणि तुम्ही पुढची क्लिक केली की तेच सगळं डिस्कवरून परत आत येतं.

मग करायचं काय? आधी अडतंय कुठे ते बघायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. मशीन सुरू झाल्या झाल्या उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. गेल्या वर्षी एका नातेवाइकाचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, जवळपास तुमच्यासारखीच तक्रार, आणि रोज सकाळी क्लीनर चालवायचा नेम. डिस्क शंभर टक्के, सतत. पण वाचण्याचा वेग बघितला तर सेकंदाला दोन एमबीसुद्धा नाही, आणि रिस्पॉन्स टाइम (मागितलेलं द्यायला डिस्कला लागणारा वेळ) आठशे-नऊशे मिलिसेकंद. डिस्क कामात बुडालेली आणि काम मात्र होत नाही.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला प्रत्येक वेळी हेड योग्य जागी न्यायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली सेकंदाला फार तर शंभरेक वेळा वाचून होतात. एसएसडी तेच हजारोंच्या संख्येत करते. विंडोज सुरू होणं म्हणजे नेमकं असंच विखुरलेलं वाचन. पण नऊशे मिलिसेकंद हा आकडा नुसत्या जुनेपणाचा वाटेना, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं साधन चालवलं. पिवळ्या रंगात 'कॉशन' (सावध), खराब सेक्टर (डिस्कवरचे निकामी तुकडे) वाढत चाललेले. डिस्क मरायला टेकली होती आणि हा माणूस तिच्याकडून रोज 'डीप स्कॅन' करवून घेत होता! आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढली, मग एसएसडी बसवली. बाकी मशीन तेच, तरी आता सुरू व्हायला अर्ध्या मिनिटाच्या आत. म्हणून म्हणतो, कुठलंही साफसफाईचं साधन चालवायच्या आधी डिस्कची तब्येत बघा आणि बॅकअप घ्या.

डिस्क ठीक निघाली तर मेमरीचा आकडा बघा. चार जीबी रॅम आणि ब्राउझरच्या वीस टॅब असतील तर उत्तर समोरच आहे. मग स्टार्टअप टॅब (विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्येच आहे): अपडेटर, चॅटची ॲप्स, प्रिंटरची मदतनीस मंडळी, जे सुरुवातीलाच नको ते डिसेबल करा. बहुतेक त्या यादीत तुमचं क्लीनरही सापडेल. मशीन फास्ट करायला आलेला पाहुणा स्वतःच दारात बसलेला असतो. त्याला सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा, आणि जाता जाता ब्राउझरमध्ये त्याने एखादं एक्सटेन्शन सोडलंय का तेही बघा.

जागाच हवी असेल तर विंडोजचं स्वतःचं पुरेसं आहे. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. तिथे 'डाउनलोड्स'समोर खूण आहे का ते डोळे उघडे ठेवून बघा. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ते फोल्डर जुन्या डिस्क क्लीनअपच्या यादीतही घातलं होतं आणि सवयीने सगळ्या खुणा करणाऱ्यांच्या फायली गेल्या. मोठ्या अपग्रेडनंतरचं विंडोज डॉट ओल्ड (आधीच्या विंडोजचं फोल्डर) साधारण दहा दिवसांनी आपोआप जातं, घाई असेल तर इथूनच काढा. विनएसएक्सएस हे विंडोजच्या स्वतःच्या फायलींचं फोल्डर अवाढव्य दिसलं तरी हाताने हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच फायली म्हणजे दुसरीकडच्याच फायलींना दिलेलं दुसरं नाव असतं, त्यामुळे दिसतो तेवढा आकार खरा नसतो. एवढं करूनही जागा होत नसेल तर कशाने किती जागा खाल्ली ते दाखवणारं विझट्री चालवा. दोन मिनिटांत कळतं की खरा ऐवज 'जंक'मध्ये नसून मोबाइलच्या तीन-तीन बॅकअपमध्ये आणि विसरलेल्या व्हिडिओंत आहे.

तरी एखादं साधन हवंच असेल तर ब्लीचबिट हे ओपन सोर्स आहे, पैसे मागत नाही. सीक्लीनर या गाजलेल्या क्लीनरबद्दलही कोणीतरी विचारेलच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरूनच मालवेअरसकट बाहेर गेली आणि सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचली. आता ती आवृत्ती राहिलेली नाही. पण ॲडमिनचे (मशीनवर काहीही बदलण्याचे) अधिकार घेऊन बसणारं साधन किती गरजेचं आहे, हा हिशोब मी तेव्हापासून कडक केला आणि माझ्या मशीनवर आता एकही नाही.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: डिस्क एचडीडी म्हणजे फिरत्या तबकडीची आहे की एसएसडी (टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या नावाखालीच लिहिलेलं असतं), रॅम किती, आणि सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला डिस्क, मेमरी आणि सीपीयू यांचे आकडे. ते टाका, मग पुढचं बोलू. तोवर त्या क्लीनरला कार्ड नंबर देऊ नका.