दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका

प्रश्न : मला सहावा महिना चालू आहे. सुरुवातीला हिमोग्लोबिन ११.६ होतं, आता १०.२ आलंय. विसरायला नको म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी रात्री जेवण झालं की दुधाबरोबर एकदमच घेते. शौचाला काळं होऊ लागलं म्हणून मध्ये काही दिवस लोहाची गोळी बंद ठेवली होती. गोळ्या घेऊनही रक्त कमी का होतंय? बाळाला काही कमी पडेल का?

उत्तर : आधी काळ्या रंगाचं सांगते, कारण त्यापायी गोळी सोडलेल्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. न शोषलेलं लोह शौचावाटे बाहेर पडतं, त्याचा तो रंग. त्याने अपाय होत नाही. मात्र शौच डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता हिमोग्लोबिन. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून या महिन्यांत आकडा थोडा उतरतोच. पण दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली गेलं की तो अॅनिमिया. तुमचा सौम्य आहे, आणि तो आत्ताच भरून काढायला हवा.

गोळी पोटात जाते, पण तिच्यातलं लोह रक्तापर्यंत पुरेसं पोचत नसावं. कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येतं, आणि तुम्ही तर कॅल्शियमची गोळीही घेता, वर दूधही. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी त्यानंतर निदान दोन तासांनी. मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, चालेल, पण खाडा नको. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. ती कार्बोनेटची असेल तर जेवणासोबतच नीट शोषली जाते. दूधही दुपारी किंवा रात्री, सकाळच्या गोळीजवळ नको.

एक काम आजच करा. गोळ्यांचं पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचा. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेट लिहिलं असलं, तरी त्यात प्रत्यक्ष लोह ६० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यायला सांगते. अॅनिमिया असताना मात्रा वाढवावी लागते, पण ती डॉक्टरांनी ठरवायची. स्वतःहून दोन गोळ्या सुरू करू नका.

बाळाचं म्हणाल, तर ते आईच्या साठ्यातून लोह ओढून घेतं, त्यामुळे चणचण आधी तुम्हाला जाणवते : दम लागणं, गळून जाणं. पण आईची कमतरता वाढत गेली तर मूल कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आत जन्मण्याचा धोका वाढतो. शिवाय जन्मानंतरचे पहिले महिने पुरणारा लोहाचा साठा बाळ मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत करतं, आणि तुमचे ते महिने आता सुरू होताहेत. म्हणून हा बदल पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नका.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. साधारण एकाने तरी वाढलेलं नसेल, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व आणि थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. शिरेतून लोह देण्याचाही पर्याय असतो.