क्लास लावण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४४. नोकरी सीएसएमटीजवळ, घर खारघरला. आठवड्यातून दोनदा तरी परतायला रात्रीचे साडेदहा होतात. मला मेडल नको, स्टेशनपासून घरापर्यंत वाटणारी धास्ती कमी व्हायला हवी. कराटे शिकू की किकबॉक्सिंग? डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

उत्तर : नाव कुठलंही असो, आधी क्लास बघायला जा आणि एकच विचारा : समोरचा माणूस मला खरोखर धरणार कधी? पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत जोडीने सराव सुरू होत नसेल, नुसते हवेत ठोसे आणि काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) असतील, तर तो क्लास वाईट आहे असं नाही. तुमच्या कारणासाठी तो नाही, एवढंच.

मनगट सोडवण्याचंच बघा. धरणाऱ्याची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एका बाजूला असतो. पकड कच्ची असते ती अंगठा आणि बोटं जिथे भेटतात त्या फटीपाशी. आपलं मनगट फिरवून त्याची अरुंद कड त्या फटीकडे आणायची, अर्धं पाऊल त्याच्याच दिशेने टाकायचं, कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं आणि फटीतून हात झटक्यात काढायचा. नवशिकी माणसं नेमकी उलटी वागतात. मागे सरकून हात सरळ ओढतात, म्हणजे चार बोटांशी ताकदीची स्पर्धा लावतात आणि हरतात. जोडीदाराने आधी हलकं धरावं, मग निम्म्या जोराने, मग पूर्ण. पूर्ण जोराने धरल्यावर सुटला तरच तो डाव तुमचा. सुटल्यावर लढत बसायचं नाही; ओरडायचं आणि उजेडाच्या, माणसांच्या दिशेने निघायचं. हे ओरडणंसुद्धा क्लासमध्येच करून बघा. आपल्याकडच्या बायकांचा पहिल्या दिवशी आवाजच फुटत नाही, याला कारण संस्कार, घसा नव्हे.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे पडणं. ज्युदोत याला ‘उकेमी’ म्हणतात. उकिडवं बसून सुरुवात करा. हनुवटी छातीला टेकवा, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल ठेवून मागे लोळा आणि दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली करून गादीवर आपटा. मागे हात टेकून पडणं अडवायला गेलात तर सगळा भार मनगटावर येतो. हाड मोडतं ते तिथे. पावसाळ्यात ओल्या जिन्यावर घसरलात तरी हनुवटीची ही सवय डोकं वाचवते.

गुडघ्यासाठी : गोल किक (बाजूने फिरवून मारायची लाथ) मारताना उभ्या पायाची टाच उचलून चवड्यावर फिरा. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो. खोल बैठकीचे पवित्रे सध्या नकोत. दुखणं आठवडाभर टिकलं तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे.

कायद्याचीही धास्ती असते, म्हणून सांगतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. मदतीला ११२ वर फोन करा, रेल्वेगाडीत असाल तर १३९.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. मुलगा ७ वर्षांचा, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कराटे शिकतो. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, फी वेगळी. दहाव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळेल असं सर म्हणतात. पुढे खेळाडू कोट्यात उपयोग होईल ना?

उत्तर : बेल्टच्या प्रमाणपत्रावर नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी बघतात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. सरांची संघटना कोणाशी संलग्न आहे आणि त्यांची मुलं या स्पर्धांत उतरतात का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. ऑलिम्पिकचं स्वप्न असेल तर हेही लक्षात ठेवा : कराटे टोकियोत २०२१ मध्ये खेळलं गेलं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं. ज्युदो आणि तायक्वांदो होते.

ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची श्रेणी. तायक्वांदोत तर १५ वर्षांखालच्या मुलांना ‘दान’ म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी देतच नाहीत, ‘पूम’ ही मुलांची श्रेणी देतात आणि पट्टा लाल-काळा असतो. दहाव्या वर्षाची हमी आत्ताच मिळत असेल तर ती फीच्या वेळापत्रकाची हमी समजा.

मुलाला घरी काता अगदी सावकाश करायला सांगा. वेगात लपलेला तोल सावकाशीत उघडा पडतो. आणि क्लबहाऊसची फरशी बघा. २० मिलिमीटरच्या जोडणीच्या मॅटवर किक ठीक, पण फेकाफेक शिकवत असतील तर निदान ४० मिलिमीटर हवी.

प्रश्न : ऐरोलीत आयटीत आहे, वय ३१. पोट सुटलंय, चिडचिड वाढलीय. बॉक्सिंग लावू का?

उत्तर : लावा. पोट मात्र जेवणाच्या ताटावर जास्त अवलंबून आहे. सुरुवातीला बॅगवर तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती, एवढ्यानेच दमाल. हाताला गुंडाळायच्या पट्ट्या साडेचार मीटरच्या घ्या, बॅगसाठी १२ किंवा १४ औंसचे ग्लोव्ह्ज, स्पारिंगला (जोडीदारासमोरच्या सराव लढतीला) १६. अंगठा मुठीच्या बाहेर, मार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाच्या सांध्यांवर, मनगट सरळ. रागात हात वळतो, मार करंगळीच्या बाजूला बसतो आणि तिथलं हाड मोडतं. म्हणून चिडलेल्या दिवशी बॅग चालेल, स्पारिंग नको.

ग्लोव्ह्ज जिमबॅगेत कोंबून ऑफिसला नेऊ नका. आपल्या जुलैत दोन दिवसांत बुरशी धरते. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली उघडे ठेवा, पट्ट्या रोज धुवा.