सिडनी नाही, मेलबर्न नाही, मग कॅनबेराच का?

प्रश्न : माझा भाचा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. त्याला विचारलं तुमची राजधानी सिडनी किंवा मेलबर्न का नाही, तर म्हणाला, मामा, दोघांचं भांडण झालं म्हणून बरोब्बर मधोमध कॅनबेरा वसवलं. हे खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भांडणाचं खरंय, मधोमधचं नाही. नकाशा बघा ना, कॅनबेराहून सिडनी रस्त्याने तीनशे किमीच्या आत आणि मेलबर्न साडेसहाशेच्या वर, याला मधोमध कसं म्हणायचं?

झालं असं की १८९८ ला तिथल्या सगळ्या ब्रिटिश वसाहतींचा मिळून एक देश करायचा का यावर मतदान झालं, त्यात न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीवाल्यांकडे, ७१,५९५ हो आणि ६६,२२८ नाही अशी मतं पडली, पण किमान ८०,००० होकार हवेत अशी अट असल्याने सगळंच फिसकटलं. मग तिथले प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच म्हणा) जॉर्ज रीड, माणूस पक्का, १८९९ ला बाकीच्या प्रीमियरांसोबत बसले आणि आपल्या राज्यासाठी घासाघीस करून राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच होणार हे कबूल करून घेतलं. पण मेलबर्नवालेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सिडनीपासून किमान १०० मैल लांब हवी, आणि राजधानीत संसद भरेपर्यंत ती मेलबर्नलाच भरणार! हे चक्क त्यांच्या राज्यघटनेत आहे, कलम १२५.

जागा शोधणं हा पुढचा तमाशा. थंड हवेत माणसं जास्त तरतरीत असतात अशी तेव्हाची समजूत, त्यामुळे थंड जागांना भाव. १९०४ ला डॅलगेटी नावाचं गाव ठरलं, कायदाही पास झाला, पण ते सिडनीपासून फार लांब पडतं म्हणून न्यू साउथ वेल्स सरकार अडून बसलं. शेवटी १९०८ ला मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या होऊन यास-कॅनबेरा हा भाग ठरला. तिथे तेव्हा काय तर मेंढ्यांची कुरणं. मग चार्ल्स स्क्रिव्हनर या सर्व्हेअरने डोंगर, पाणी सगळं बघून नेमकी जागा काढून दिली.

शहराच्या आराखड्याची जागतिक स्पर्धा १९१२ ला शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनने जिंकली. (हा पुढे कामासाठी आपल्याकडे लखनौला आला आणि १९३७ ला तिथेच वारला, कबरही तिथेच आहे.) १९१३ ला नाव जाहीर झालं, पण नंतर महायुद्ध, पैशाची ओढाताण, यात काम रखडलं आणि संसद कॅनबेराला भरली ती थेट ९ मे १९२७ ला. म्हणजे १९०१ ला एक देश झाला तेव्हापासून तब्बल २६ वर्षं मेलबर्नने ‘तात्पुरती’ राजधानी उपभोगली, आणि त्यानंतरही कितीतरी सरकारी खाती पुढची काही दशकं मेलबर्नमध्येच ठाण मांडून होती. तेव्हा भाच्याला सांगा, जागा सिडनीवाल्यांच्या राज्यात गेली खरी, पण तुझ्या मेलबर्नने काही कमी वसूल केलं नाही.