फीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी तपासा

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. वय 36, खासगी ऑफिसात 18 हजार पगार. मिस्टर 42 वर्षांचे, त्यांना 62 हजार. नऊ वर्षांच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगता आहे. त्यांना विशेष शिक्षणातलं बी.एड. करायचंय, दोन वर्षांची फी 1 लाख 20 हजार. प्रश्न एवढाच: 4 लाखांची एफडी मोडू की कर्ज काढू? शेवटी जाता जाता लिहिलंय, "बाळाची काळजी नाही, तो चार वर्षांचा असताना दिरांनी त्याच्या नावाने वर्षाला 72 हजारांची पॉलिसी काढून दिलीय."

ताई, काळजी नेमकी तिथेच आहे.

पत्रासोबत पाठवलेल्या पॉलिसीच्या फोटोत दिरांनी बॉलपेनने "22 लाख पक्के" लिहून भोवती गोल केलाय. 20 वर्षांत तुम्ही भरणार 14 लाख 40 हजार. म्हणजे परतावा जेमतेम चार टक्के. तुमची एफडीही याहून बरी. पण ते सोडा. विमा कुणाच्या जिवाचा आहे? मुलाच्या! ज्यांच्या पगारावर घर चालतं, त्यांच्यावर कंपनीचा 5 लाखांचा ग्रुप विमा. आठ महिन्यांचा पगार. नोकरी सुटली की तोही गेला.

शिवाय अशा पॉलिसीची मालकी साधारणपणे मूल 18 वर्षांचं झालं की त्याच्याकडे जाते. 22 लाख आले तरी सही कोण करणार? सज्ञान मुलाचे आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व मिळवावं लागतं. दिरांना हे ठाऊक नसेल. कमिशन ठाऊक होतं.

मिस्टरांचा 1 कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) काढा, ढोबळ 28 हजार वर्षाला. तंबाखू खात असतील तर जास्त, पण फॉर्मवर लपवू नका. नॉमिनी तुम्ही, मुलगा नव्हे. त्याच्यासाठी वकिलाकडून मृत्युपत्रात ट्रस्टची सोय करून घ्या. टर्म हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि आजवर भरल्याच्या हिशेबाने पॉलिसी चालू. राष्ट्रीय न्यासाची 1 लाखाची 'निरामय' आरोग्य विमा योजनाही आहे, तीही घ्या.

आता तुमचा प्रश्न. 72 मधून 28 गेले, वर्षाला 44 हजार सुटले, दोन वर्षांत 88. उरलेले 32 हजार एफडीतून. कर्ज कशाला? खरा खर्च फीचा नाहीच. नोकरी सोडलीत तर 18 हजारांप्रमाणे 4 लाख 32 हजार बुडतात. आजपासून तीन महिने तुमच्या पगाराला हात न लावता घर चालवून बघा.

आणि बी.एड.च्या क्लासवाल्याने तुम्हाला सांगितलेला 80 हजारांचा सरकारी पगार विसरा. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 आणि पुढे 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं, हे खरं. पण भरती निघायची तेव्हा निघेल. हिशेब खासगी शाळेच्या 20-25 हजारांवरच करा.

भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्या कॉलेजला आणि बौद्धिक दिव्यांगतेच्या त्याच कोर्सला आहे का, हे परिषदेच्या वेबसाइटवर स्वतः बघा. त्याशिवाय परिषदेकडे नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. "घरबसल्या होईल, फक्त परीक्षेला या" म्हणणारा माणूस सीट राखायला 25 हजार मागतोय. मुलाला शर्टाचं एक बटण लावायला शिकवताना किती महिने गेले, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. हा सराव घरबसल्या कागदावर कसा होणार, ते त्याला विचारा. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर आजच पावती मागा.