लग्नाचे एमपी४ व्हिडिओ टीव्हीच्या डीव्हीडी प्लेअरवर चालतील अशी डिस्क बनवायला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कोणतं?

डीव्हीडीस्टायलर घ्या, फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. मी सांगलीत लग्नाचं शूटिंग करतो. गावाकडच्या आजी-आजोबांसाठी लोक अजून डिस्क मागतात, त्या यावरच बनवतो. नुसती एमपी४ फाइल कॉपी केली तर बरेच जुने प्लेअर ती ओळखतच नाहीत. त्यांना एमपीईजी-२ हा डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार लागतो, ते रूपांतर डीव्हीडीस्टायलर स्वतःच करतं. सुरुवातीला पाल ही आपल्याकडची टीव्ही पद्धत निवडा (७२० × ५७६), अमेरिकेतली एनटीएससी नको. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, त्यात डीव्हीडी बनत नाही. फक्त ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तासांपेक्षा जास्त कोंबू नका, हळदीतले चेहरे चौकटी-चौकटीचे दिसायला लागतात. वरात सरळ दुसऱ्या डिस्कवर टाका.